लाल दोरी

न कळवता जायचं, असा आमचा नियम.
ग्रिम्सबीला पोचले तेव्हा पावणेसात झाले होते.
दार उघडणाऱ्या पोरीच्या बाहीवर
लापशीचा ताजा डाग,
डोळ्यांत अजून रात्रच.
ओळखपत्र न वाचताच म्हणाली,
"जपून या, फरशी ओली आहे."
फरशी ओली, पिवळा फलक नाही.
मी लिहून घेतलं.

औषधांच्या कपाटाला कुलूप. ठीक.
फ्रिजमध्ये चार अंश. ठीक.
बाराव्या खोलीत पाण्याचा पेला
हाताच्या पोचेपासून वीतभर लांब.
टाचेवर लाली,
आणि दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या
सगळ्या एकाच पेनाने, एका दमात केलेल्या.
मला सह्यांचा दम कळतो.
एकवीस वर्षं झाली.

सतराव्या खोलीत एनिड थरकेटल, वय एक्याण्णव.
मदतीची लाल दोरी जमिनीपर्यंत लोंबायला हवी,
पडलेल्या माणसालाही सापडेल अशी.
इथे ती वर गुंडाळलेली,
दिव्याच्या आकड्याला घट्ट गाठ मारून.

अशा गाठी मी किती पाहिल्यात.
कुणाला झाडताना दोरी आडवी येते,
कुणाला रात्री घंटी नको असते.
वाक्य पेनात तयारच होतं:
रहिवाशाला मदत मागण्यापासून रोखले.

"कुणी बांधली ही?" मी वाकून विचारलं,
म्हाताऱ्यांशी बोलतात तसं, जरा मोठ्याने.

"ओरडू नकोस. गाठ बघ आधी.
जाळ्याची आहे.
आजकालच्या पोरींना येते का ती?
चौदाव्या वर्षी लागले गोदीवर जाळी विणायला.
माझ्या नवऱ्याच्या बोटीचं जाळंही माझंच."
तिने बोटं पुढे केली,
आल्याच्या कुड्यांसारखी, जिकडेतिकडे वळलेली.

"रात्री इलिंका एकटी.
एकतीस माणसं, दोन मजले,
लिफ्टचा काही भरवसा नाही.
घंटी वाजली की पळते बिचारी.
तीनच्या सुमाराला जिन्यात रडते,
तिला वाटतं, आम्ही सगळे बहिरे.
माझा हात झोपेत आपोआप ओढतो,
जन्मभराची सवय.
म्हणून बांधून टाकली."

"आणि पडलात तर?"

"पडले की. मंगळवारी.
उजाडेपर्यंत खालीच होते.
ती आली तेव्हा म्हटलं, आत्ताच घसरले."

मी बाही वर सरकवली.
जांभळं, त्याखाली हिरवट, कोपराशी पिवळं.
हे एका मंगळवारचं काम नव्हतं.

माझ्या फॉर्मवर चौकोन असतात.
सुरक्षित. परिणामकारक. मायाळू.
मायाळूच्या चौकोनापाशी
पेन थांबलं, आणि थांबूनच राहिलं.

नऊ वाजता व्यवस्थापक कॉथॉर्न आले,
बिस्किटांची बशी घेऊन.
"आम्ही इथे एका कुटुंबासारखे."
मी म्हटलं, रात्रपाळीचा तक्ता दाखवा.
ते बशी कुठे ठेवावी ते बघत राहिले.

निघण्याआधी पुन्हा सतराव्या खोलीत गेले.
खुर्चीवर चढून गाठ सोडवू लागले.
नखं दुखली, सुटेना.
"ओढतेस कशाला? मागे ढकल तिला."
ढकलली. सुटली.
दोरी खाली आली
आणि थोडा वेळ हलत राहिली.

एनिडने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"तू हे सगळं लिहिणार.
पोरीची नोकरी जाईल का?"

मी म्हणाले, नाही.
मग म्हणाले, माहीत नाही.
मग खुर्ची जागेवर ठेवली.

बाहेर बसथांब्यावर इलिंका उभी होती,
गणवेशावर कोट, डोकं खांबाला टेकलेलं.
बस आली, थांबली, निघून गेली.
ती उभ्याउभ्या झोपली होती.

मी गाडीत बसून होते.
हॉर्न वाजवून तिला उठवावं की झोपू द्यावं,
हे ठरवायला मला
लाजिरवाणा वेळ लागला.